उसाच्या शेंड्यावर तीन मीटर

मराठी विभागाची नोटीस लागली तेव्हा हेलिकॉप्टरवर लिहायचं मी ठरवून टाकलं होतं. पण सुरुवात ड्रोनपासून करावी लागते, कारण चूक तिथं झाली आणि ती माझी होती.

गणपतीच्या सुट्टीत गावी होतो. आमचं गाव कराड तालुक्यात, कृष्णाकाठी. आडसाली ऊस तेरा महिन्यांचा, माझ्या दुप्पट उंच झालेला आणि पानांवर तांबेरा. असल्या उसात पाठीवर पंप घेऊन शिरणं म्हणजे काय, हे ज्यानं केलंय त्यालाच ठाऊक. पानं अंग कापतात, औषध स्वतःच्याच डोक्यावर पडतं आणि चार सऱ्या आत गेल्यावर माणूस बाहेरच्याला दिसत नाही. म्हणून तात्यांनी ड्रोन सांगितला. चालवायला भावकीतल्याच वहिनी आल्या. केंद्र सरकारनं २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये पंधरा हजार महिला बचत गटांना ड्रोन द्यायची योजना मंजूर केली, त्यानंतर गावोगावच्या बायका हे शिकल्या, त्यातल्या या एक. शिकल्यात एकदम पक्क्या. आल्या आल्या पहिला प्रश्न मला,

"भावजी, तारा कुठं कुठं हायत तेवढं सांगा. मला तुमचं रान पाठ न्हाई."

मी इंजिनिअरिंगचा विद्यार्थी! मोबाईलवर सॅटेलाइटचा फोटो काढला आणि ऐटीत बोट ठेवलं. "ही वरच्या अंगाला अकरा केव्ही. हा बांधावर डीपी. बाकी सगळं मोकळं."

बाकी सगळं मोकळं नव्हतं. डीपीपासून खालच्या कोपऱ्यातल्या जुन्या विहिरीकडं तीन तारांची एक एलटी लाईन तिरकी जाते. विहिरीवरची मोटार नदीवर नेली त्याला दहा वर्षं झाली, पण लाईन तशीच राहिली. लहानपणी त्या तारेवर बसलेले वेडे राघू मी मोजायचो. म्हणजे तार मला माहीत होती का? होती. फक्त त्या वेळी आठवली नाही, कारण फोटोत दिसली नाही.

सगळं रान फवारून झालं होतं. राहिला होता खालचा कोपरा, शेवटची पट्टी. टाकीत अर्धा लिटर औषध असेल नसेल. मी वहिनींच्या शेजारी उभा, लक्ष ठेवायचं काम माझ्याकडं. ड्रोन तिरका गेला, कर्रर्र असा आवाज आला, तारा एकमेकींवर आपटल्या आणि ड्रोन उसात गडप. एक तार इन्सुलेटरवरून निसटून खाली लोंबायला लागली. नशीब असं, की त्या आठवड्यात शेतीची लाईट रात्रीची होती. दिवसाची असती तर ओल्या उसात ड्रोन शोधायला सगळ्यात आधी मीच शिरलो असतो. वायरमनला फोन करून, तो येऊन लाईन बंद असल्याची खात्री करेपर्यंत तात्यांनी कुणालाही आत सोडलं नाही. ड्रोन सापडला तेव्हा एक हात मोडलेला, दोन पाती तुटलेली, बॅटरी सुदैवानं धडकी.

तात्या एवढंच म्हणाले, "आरं, ती तार तुला म्हाईत न्हवती व्हय?"

हॉस्टेलवर परत आल्यावर हाच प्रश्न घेऊन लायब्ररीत बसलो. ड्रोन नवा आहे, पण पिकाच्या शेंड्यावरून उडत फवारायचं काम शंभर वर्षांचं जुनं. ३ ऑगस्ट १९२१ ला अमेरिकेत ओहायो राज्यातल्या ट्रॉय गावी सैन्याच्या एका विमानानं झाडांवरच्या अळ्यांवर पहिल्यांदा औषधाची पावडर टाकली. पुढं विमानं आली, हेलिकॉप्टरं आली. आपल्याकडं हिंदुस्थान एरोनॉटिक्सनं खास शेतीसाठी 'बसंत' नावाचं विमान बनवलं, त्याचं पहिलं उड्डाण १९७२ चं. आणि अगदी अलीकडं, २०२० साली, टोळधाड आपल्या विदर्भात अमरावती-नागपूरपर्यंत येऊन गेली, त्या वर्षी राजस्थानच्या वाळवंटात फवारणीसाठी केंद्रानं बेल २०६ जातीचं हेलिकॉप्टर बाडमेरच्या उत्तरलाई तळावर पाठवलं. एका खेपेला २५० लिटर औषध. ड्रोनच्या टाकीत साधारण दहा लिटर मावतात, यावरून फरकाचा अंदाज यावा.

या शंभर वर्षांत पायलट मेले ते कशानं, हे शोधताना ऑस्ट्रेलियाच्या वाहतूक सुरक्षा विभागाचा एक अहवाल हाती लागला. २००१ ते २०१० या दहा वर्षांत त्यांच्याकडं विमान किंवा हेलिकॉप्टर तारेला धडकल्याच्या १८० घटना नोंदल्या गेल्या. त्यातल्या १०० शेतीच्या कामातल्या. इथपर्यंत ठीक. पुढची ओळ वाचली आणि मी पुस्तक मिटून चहाला गेलो. धडकलेल्यांपैकी ६३ टक्के पायलटांना ती तार तिथं आहे हे आधीपासून माहीत होतं.

म्हणजे तात्यांचा प्रश्न मला एकट्याला लागू नव्हता.

आता पहिली शंका कुणालाही येईल. एवढ्या खाली उडायचंच कशाला? पंधरा-वीस मीटरवरून फवारा, कटकट नाही. इथं आपला फ्लुइड मेकॅनिक्सचा विषय येतो. शंभर मायक्रॉनचा थेंब शांत हवेत साधारण ०.२७ मीटर प्रति सेकंद या टर्मिनल व्हेलॉसिटीनं पडतो. तीन मीटर पडायला त्याला ११ सेकंद लागतात. वारा फक्त २ मीटर प्रति सेकंद असला, म्हणजे झाडाची पानं जेमतेम हलतील इतका, तरी तेवढ्यात थेंब २२ मीटर बाजूला जातो. तोच थेंब १५ मीटरवरून सोडला तर ५५ सेकंद आणि ११० मीटर! (वाटेत थेंब सुकून बारीक होतो ते वेगळंच, त्यानं तो आणखी लांब जातो.) ११० मीटर म्हणजे आपल्याकडं तीन शेतं ओलांडून चौथ्याच्या रानात. आणि चौथा द्राक्षवाला असला तर? उसातल्या तणावर मारायचं २,४-डी द्राक्षाला किती बाधतं हे तासगाव-पलूस भागातल्या मुलांना सांगायला नको. वेलीला त्याचा वास लागला तरी पानं पंख्यासारखी आकसतात. भांडण कोर्टात जातं.

हेलिकॉप्टर खाली उडालं की आणखी एक फायदा. रोटरनं खाली ढकललेली हवा, म्हणजे डाउनवॉश, थेंबांना पिकात दाबते, पानं उलटीपालटी करते, औषध पानाच्या खालच्या अंगालाही बसतं. २००२ मध्ये सांगली भागात उसावर लोकरी मावा आला तो पानाच्या खालच्या बाजूलाच असायचा. त्या वेळी हात टेकलेल्या शेतकऱ्यांना शेवटी औषधापेक्षा डिफा आणि मायक्रोमस या मित्रकीटकांनी जास्त तारलं, पण तो लेख वेगळा.

थोडक्यात, पिकाला आणि शेजाऱ्याला जी उंची चांगली, ती यंत्राला वाईट. आणि आपल्या भागात ती किती वाईट, याचा हिशेब करायला मला फक्त इलेक्ट्रिकलवाल्या रूममेटची मदत लागली.

१९५६ च्या भारतीय विद्युत नियमांत, रस्ता सोडून इतर ठिकाणी अकरा केव्हीपर्यंतच्या उघड्या तारेची जमिनीपासूनची किमान उंची ४.६ मीटर धरली होती. आठ मीटरचा पोल घेतला आणि त्याचा सहावा भाग जमिनीत गाडला तर वर राहतो सुमारे ६.७ मीटर. म्हणजे दोन पोलांच्या मध्ये झोळ पडलेली तार ४.६ ते ६.७ मीटर या पट्ट्यात कुठंतरी. आता ऊस ३.५ मीटर धरा, त्याच्या शेंड्यावर तीन मीटर उडा. झाले ६.५ मीटर! कापसावर, भुईमुगावर उडणारा पायलट निदान तारेखालून तरी जाऊ शकतो (आणि परदेशात काही जण जातातही). उसावर खालून जायला जागाच नाही. कृष्णाकाठचा ऊस उडणाऱ्या यंत्राला नेमका तारेच्या उंचीवर आणून उभा करतो.

बरं, तार दिसली तर वर उचलता येईल की नाही? हेलिकॉप्टर फवारताना ताशी १०० किलोमीटरनं जातंय असं धरू, म्हणजे सेकंदाला २८ मीटर. तार दिसून हात हलेपर्यंत एक सेकंद, २८ मीटर गेले. मग पायलटनं दीड जीचा खेच दिला. त्यातला एक जी वजन पेलण्यात जातो, वर जायला उरतो अर्धा, ४.९ मीटर प्रति सेकंद वर्ग. पाच मीटर वर चढायला १.४३ सेकंद, तेवढ्यात आणखी ४० मीटर. एकूण ६८. यंत्र क्षणात प्रतिसाद देतं असं मानलंय, खरं तर थोडा वेळ तेही घेतं. तेव्हा तार किमान ७० मीटरवरून दिसायला हवी.

दिसते का? आपल्या लाईनींच्या तारांना गंमतशीर नावं असतात, स्क्विरल, वीझल, रॅबिट, डॉग. म्हणजे खार, मुंगसाचा भाऊ, ससा आणि कुत्रा, जाडीच्या चढत्या क्रमानं. स्क्विरलची जाडी ६.३३ मिलिमीटर. ६८ मीटरवरून ती डोळ्याशी कोन करते एका मिनिटाच्या साधारण एक तृतीयांश, आणि धडधाकट डोळ्याला बारकावा ओळखायला साधारण एक मिनिटाचा कोन लागतो. मिनिट म्हणजे इथं अंशाचा साठावा भाग. आता कुणी म्हणेल, अरे पण गच्चीवरून पाहिलं तर आभाळावर लांबची तारसुद्धा दिसते. बरोबर. लांबलचक काळी रेघ उजळ आभाळावर डोळा पकडतो. पण पायलट तारेच्या उंचीवर किंवा तिच्या वर असतो, त्याच्यासाठी तारेमागं आभाळ नसतं, ऊस असतो. गंज चढून करडी झालेली अॅल्युमिनियमची तार हिरव्या-करड्या पानांवर नाहीशी होते. म्हणून जुने पायलट तार शोधतच नाहीत, पोल शोधतात. आणि लाईन ओलांडायची तर पोलावरूनच, कारण दोन पोलांमधली तार पोलापेक्षा वर कधीच नसते. ही साधी गोष्ट मला कुठल्याही लेक्चरमध्ये सुचली नसती.

तारेच्या जोडीला दुसरा धोका इंजिनाचा. हेलिकॉप्टरचं इंजिन बंद पडलं की ते दगडासारखं पडतं अशी आपली समजूत. तसं नाही. पायलट पात्यांचा कोन लगेच कमी करतो, खालून वर येणारी हवा पाती फिरवत ठेवते, याला ऑटोरोटेशन म्हणतात, आणि जमिनीजवळ आल्यावर फिरत्या पात्यांतली ऊर्जा वापरून हळू टेकता येतं. पण त्याला भांडवल लागतं, उंचीचं किंवा वेगाचं. उंची म्हणजे फिक्स डिपॉझिट, वेग म्हणजे खिशातले पैसे. १४०० किलोचं हेलिकॉप्टर १५० मीटरवर असेल तर उंचीची ऊर्जा वीस लाख ज्यूलच्या वर. जमिनीपासून साडेसहा मीटरवर ती नव्वद हजारही नाही. उरतो ताशी १०० चा वेग. व्ही स्क्वेअर बाय टू जी केलं तर ४० मीटर उंची येते, तीही हवेचा अडथळा शून्य धरून. प्रत्येक हेलिकॉप्टरच्या मॅन्युअलमध्ये उंची विरुद्ध वेग असा एक आलेख असतो, त्यातला काळा केलेला भाग टाळा असं सांगितलेलं असतं. पायलट लोक त्याला 'डेड मॅन्स कर्व्ह' म्हणतात. एक काळा भाग कमी वेग आणि मध्यम उंचीचा, दुसरा जमिनीलगत आणि जास्त वेगाचा. फवारणीवाला दिवसभर या दुसऱ्याच्या कडेकडेनं काम करतो आणि पट्टी संपली की वळण्यासाठी वर उचलून वेग घालवतो, तेव्हा पहिल्याच्या दारात जातो. एका दिवसात अशी वळणं शेकडो.

हे सगळं परदेशातलं, असं वाटत असेल तर निलंगा आठवा. २५ मे २०१७, लातूर जिल्हा. मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांना घेऊन निघालेलं राज्य सरकारचं सिकोर्स्की एस-७६ हेलिकॉप्टर उडालं, थोडं वर गेलं, उंची टिकली नाही आणि विजेच्या तारांत अडकून वस्तीशेजारी कोसळलं. आतले सगळे वाचले. टीव्हीवर तो व्हिडिओ आपण सगळ्यांनी पाहिलाय. ते काम शेतीचं नव्हतं, पण गणित तेच, कमी उंची, कमी वेग आणि समोर तार. त्यात मे महिना. समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरवर आणि ४० अंश तापमानाला हवेची घनता साधारण १.०५ किलो प्रति घनमीटर निघते, पुस्तकातल्या १.२२५ पेक्षा चौदा टक्के कमी. पाती तेवढीच, फेरे तेवढेच, पण ढकलायला हवा कमी आणि इंजिनाला श्वासही कमी. औषधानं टाकी भरलेल्या हेलिकॉप्टरला उन्हाळ्यातली दुपार अशीच जड जाते, म्हणून फवारणीची उड्डाणं पहाटे उरकतात. पहाटे वाराही नसतो.

यावर इंजिनिअरनं काय केलं? कॅनडाच्या ब्रिस्टल एरोस्पेस कंपनीनं हेलिकॉप्टरच्या नाकावर, वर एक आणि खाली एक, अशा तारकापण्या बसवायची पद्धत काढली. मधल्या काचेवरून एक पट्टी असते, तार तिच्यावरून घसरत कापणीच्या जबड्यात जाते आणि तुटते. वीज लागत नाही, हलता भाग नाही, मला फार आवडलेलं डिझाईन. पण हेलिकॉप्टरला पुढं जाण्याचा पुरेसा वेग हवा आणि तार दोन कापण्यांच्या मध्येच यायला हवी. ती रोटरच्या दांड्यात किंवा शेपटीत गेली तर उपयोग नाही.

आणि या सगळ्याला माहीत असलेली तार पुरून उरतेच. ६३ टक्के वाचल्यावर मी बरेच दिवस विचार करत होतो की माहीत असून माणूस धडकतो कसा. मग आमचीच शेवटची पट्टी आठवली. मोठं काम झालेलं, कोपरा तेवढा उरलेला, पट्ट्यांची सरळ दिशा सोडून ड्रोन पहिल्यांदाच तिरका गेला. घरून भाकरी आल्याची हाक ऐकू आली होती आणि मी मान वळवली होती. माहिती डोक्यात असते, पण ज्या सेकंदाला लागते त्या सेकंदाला ती वर आलेली नसते. डोक्यातली तार कागदावरच्या तारेइतकी भरवशाची नाही.

ड्रोनच्या बाबतीत कुणी उडवून घेत नाही म्हणून लोक हसण्यावारी नेतात. रिकाम्या टाकीचा ड्रोन बॅटरीसकट पंधरा-सोळा किलोचा. सहा मीटरवरून पडला तर साडेनऊशे ज्यूल, म्हणजे आपल्या हॉस्टेलच्या तिसऱ्या मजल्यावरून दहा किलो पिठाचं पोतं खाली टाकल्यासारखं. वर फिरती पाती. पायलट आत बसलेला नाही हे खरं, पण उसाच्या कडेला बघायला जमलेली पोरं असतात. शिवाय लांब उभं राहून ड्रोन तारेच्या अलीकडं आहे की पलीकडं हे डोळ्याला कळत नाही, आणि पुढचा सेन्सर झाड ओळखतो, बारीक तार सोडूनही देतो. हेलिकॉप्टरच्या पायलटला निदान स्वतःच्या जिवाची भीती असते.

दुरुस्तीचा खर्च तात्यांनी आणि मी वाटून घेतला, माझा हिस्सा स्कॉलरशिपमधून गेला. वहिनी काही बोलल्या नाहीत. त्या बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

दिवाळीत गेलो तेव्हा तलाठ्याकडच्या गट नकाशाची झेरॉक्स घेतली आणि रान पायी फिरलो. आमचा गट आणि लागून असलेले शेजारचे चार. दीड दिवस गेला. लाल पेननं अकरा केव्ही, निळ्या पेननं एलटी, तुटक रेघेनं विहिरींना गेलेल्या सर्व्हिस वायर, फुलीनं पोल, आणि पोलाच्या स्टे वायरसुद्धा, कारण त्या गवतात मुळीच दिसत नाहीत. बंद पडलेल्या लाईनी पण काढल्या. सॅटेलाइटच्या फोटोत मला तारा दिसल्या होत्या दोन. कागदावर आल्या अकरा. कागद लॅमिनेट करून वहिनींना दिला, त्यांनी तो ड्रोनच्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवला.

परवा मेसमध्ये जेवत असताना त्यांचा फोन आला.

"भावजी, तुमच्या नकाशात एक तार कमी हाय."

"कुठली?"

"खालच्या आळीच्या आण्णांनी गेल्या हप्त्यात नवं कनेक्शन घेतलंय. वड्याच्या कडंनं. मी पेननं मारून ठेवलीय, पण एकदा येऊन बघून जावा."

शनिवारची पॅसेंजर धरतोय.